शनिवारची छत्री

पाहुणा निघतो म्हणाला की त्याची थैली लपवायची, ही आपल्या वऱ्हाडातली जुनी रीत. थैली सापडत नाही, चप्पल सापडत नाही, पाहुणा खोटंखोटं रागावतो, पोरं खिदळतात, घरची बाई चुलीवर पुन्हा तवा ठेवते आणि मुक्काम एका रात्रीनं वाढतो. कोणी थैली लपवली नाही तर पाहुणा मनातून खट्टू होऊन जातो.

मेहकरच्या अलीकडे, सडकेला लागून गव्हाणवाडी आहे. तिथं शेषरावाची बायको कोकिळा थैली लपवायची तेव्हा मात्र कोणी हसत नसे.

नणंद माहेरपण आटोपून निघाली की तिची पिशवी कडब्याच्या गंजीत जाई. शेषराव कापूस घेऊन खामगावला निघाला की त्याची टोपी गायब. शोधाशोध होई, एसटी निघून जाई, शिव्या सुरू होत. पिशवी सापडली की कोकिळा आधी रडे, मग ओरडे, "जा! तिकडंच मरा! पुन्हा तोंड दावू नका!" आणि माणूस खरोखर सडकेला लागलं की तीच अनवाणी धुराळ्यातून त्याच्यामागे पळत सुटे. सकाळी जी नणंद तिला देवासारखी वाटे, ती संध्याकाळी वैरीण झालेली असे. राग सरला की उरे ते रागाहून वाईट. त्या पोकळीत तिनं तापलेलं उलथणं आपल्याच हाताला लावलेलं होतं, एकदा नव्हे. डाग बांगड्यांखाली झाकलेले असत.

आतून काय होतं ते तिला सांगता येत नसे. माणूस ओसरीवर असलं की तीही घरात असे. माणूस वळणाआड गेलं की आपणही पुसले गेलो, असं तिला वाटे. मग ती घरभर फिरे. भांडं उचल, ठेव. दार लाव, उघड. उन्हाळ्यात वावरातला पाचोळा वावटळीत फिरतो, थांबायची जागा त्याला सापडत नाही, तसा तिचा जीव.

लहानपणी आईनं तिला रोहिणखेडला मामाच्या ओसरीवर बसवलं होतं. आईतवारी येतो म्हणाली आणि सरकीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायांबरोबर गेली. आईतवार आले नि गेले. मामानं मावशीकडे दोन दिवसांसाठी पोचवलं, मावशीनं चुलत मामाकडे. पोरगी रडू नये म्हणून प्रत्येकजण जाताना एक वार सांगे. त्या वारी कोणीही आलं नाही.

शेषराव मवाळ माणूस. बायकोवर त्याचा जीव होता, पण त्या जिवाला तोंड नव्हतं. सासू झुंबरबाई तोंडानं दोघांचं काम करी. तिनं देवऋषी केला, दर्ग्यावर धागा बांधला, लिंबू उतरवलं. कोकिळा धाग्यासकट सडकेवर पळत राहिली.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. शनिवारी गव्हाणवाडीच्या बाजाराला मेहकरहून डॉक्टर उत्तमराव येऊ लागले. चावडीत बसून बाजारकरूंना तपासत आणि सांजच्या एसटीनं परत जात. माणूस चिखलीकडचा, शेतकऱ्याच्याच घरचा, पण नागपुरात मनाच्या रोग्यांमध्ये दोन वर्षं काम करून आलेला. शेषरावानं त्यांना घरी आणलं तेव्हा कोकिळा किंचाळत होती. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, झोपेच्या गोळ्या दिल्या. निघताना तिनं विचारलं, "परत कधी येसान?"

"परवाच येतो ना," डॉक्टर म्हणाले. लहान लेकराला म्हणतात तसं.

गोळ्यांनी ती ओंडक्यासारखी झोपली. जाग आली तो परवाचा दिवस होता. ती न्हाली, ओसरी सारवली, चहाची कपबशी घासून ठेवली. दिवस मावळला. कोणी आलं नाही.

डॉक्टर आले ते शनिवारी, बाजाराला. घरात डोकावून हसत म्हणाले, "काय, बरं वाटतं ना आता?" त्यांनी थैली ओसरीवर ठेवली आणि हात धुवायला रांजणाकडे गेले. परत आले तर थैली नाही.

नेमक्या त्याच घटकेला शेजारची नसीमा धावत आली. नसीमा म्हणजे युसूफ पिंजाऱ्याची बायको. तिच्या लेकराला विंचू चावला होता, लाल विंचू. पोराचं अंग घामानं थबथबलं होतं.

"डाक्टर, सुई टोचा! पोट्टं हातचं जाऊन राह्यलं!"

सुई थैलीत होती. झुंबरबाईनं गंजी उपसली, शेषरावानं माळा पाहिला. कोकिळा भिंतीला पाठ लावून उभी. डोळे कोरडे.

"अगं कोकिळा," नसीमानं तिचे पाय धरले, "माझ्या लेकरानं काय केलं वं तुझं? अल्लाच्या नावानं थैली दे!"

तेव्हा कोकिळा हलली. ज्वारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तिनं थैली ओढून काढली. ज्वारी सगळीकडे सांडली. डॉक्टर थैली घेऊन पळाले. पोरगं रात्रभर तळमळलं आणि उजाडताना निजलं. वाचलं.

पण गाव ओसरीपुढं जमलं. युसूफ बोलला नाही. त्याचं न बोलणंच झुंबरबाईला लागलं. ती गावासमोर म्हणाली, "दिवाळीपर्यंत पाह्यते. पुन्हा कोनाच्या जिवावर बेतलं तर हिले मामाच्या दारात नेऊन टाकते. मंग मामा पाहीन अन् ती पाहीन."

मामाच्या दारात. कोकिळाला ती जुनी ओसरी दिसली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खास तिच्यासाठी आले. समोर बसले आणि विचारलं, "थैली का लपवली?"

तिनं बोटाभोवती पदर गुंडाळला. मग म्हणाली, "तुमी परवा येतो म्हने होते."

 डॉक्टर उठून ओसरीवर मायलेकांजवळ जाऊन बसले. कोकिळा दाराआड उभी राहिली.

"सरळ सांगा डाक्टर," झुंबरबाई म्हणाली. "येड लागलं का तिले?"

"नाही मावशी. वेड्या माणसाला नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं. हिचं तसं नाही."

"मंग बाहेरचं?"

"तेही नाही. पहिल्या दिवशी मीच चुकलो. आरडाओरडा पाहिला आणि झटक्याचा आजार समजून गोळ्या दिल्या. हा तापासारखा वरून आलेला आजार नाही. लहानपणापासून स्वभावाची घडणच तशी झाली. आमच्या विद्येत त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. जवळचं माणूस हलताना दिसलं की हिला वाटतं, आपल्याला टाकलं."

"म्हंजे सोभाव खराब! इतकं तं मलेबी समजते. नागपूरले काऊन गेले तुमी?"

शेषराव कसनुसा झाला. "आई, बोलू दे वं त्याइले."

डॉक्टर हसले. "खराब नाही, दुखरा. त्यावर गोळी नाही, पण उपाय आहे. फक्त तो ज्याच्या त्याच्या मापाचा लागतो. नागपुरात एक बाप्या होता, त्याला सगळ्या जगाचा संशय. गोड बोललं की जास्त बिथरायचा. त्याच्याशी मी कोरडं बोलायचो, दार उघडं ठेवून लांब बसायचो. हिच्याशी तसं वागलो तर ही चार दिवसांत विहीर गाठेल. आणि फार लाड केले, रोज आलो, तर ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी गाठेल."

"मंग करता काय?"

"खरं बोलायचं. येणार असलो तर येणार, नसलो तर नाही. तुम्हीसुद्धा. हिला गप्प करायला खोटा वार सांगायचा नाही."

 कोणीतरी आपल्या पेटीचं झाकण उघडून सगळ्यांदेखत आतलं मोजलं, असं दाराआड कोकिळाला झालं. राग आला. बरंही वाटलं. दोन्ही एकदम आल्यानं ती परसात जाऊन उगाच गोवऱ्या रचू लागली.

त्या दिवसापासून ठरलं. दर शनिवारी, चावडीतलं काम आटोपल्यावर, एसटीचा भोंगा वाजेपर्यंत बोलायचं. भोंगा वाजला की वाक्य अर्धं असलं तरी उठायचं.

"थैली देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तिच्यात लोकांचे जीव आहेत. ही छत्री ठेवा. पुढच्या शनिवारी मी ती पाहायला येईन."

"मंग पान्यात तुमी?"

"भिजेन."

बदल्यात तिनं हाताला चटके द्यायचे नाहीत. तसं वाटू लागलं की छत्री उचलायची आणि नसीमाच्या घरी जाऊन बसायचं.

नसीमाच्या घरी! ज्या बाईच्या लेकराच्या जिवावर उठलो तिच्या! पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. नसीमानं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं. शेवटी म्हणाली, "आली का छत्रीवाली? उभी काऊन? बस. हा कापूस मोकळा कर, बोटाले काम दे."

कोकिळा कापूस पिंजू लागली. सरकीचे कण वेचायचे, गाठ सोडवायची, पुन्हा पुढची गाठ. युसूफची कापूस पिंजायची धनुकली टणत्कार करी. तिच्या आतली वावटळ थांबत नसे, पण बोटांत उतरे.

शनिवारी डॉक्टर आधी एकच विचारत.

"आज मी कसा आहे? चांगला की वाईट?"

"वाईट."

"का बरं?"

"मागच्या बाजारी तुमी त्या पाटलिनीसंगं जास्त वेळ बोलले."

"आणि त्याच शनिवारी इथं बसलो तेव्हा मी कसा होतो?"

"देव होते."

"मग मधल्या दिवसांत मी काय केलं?"

ती गोंधळे. "काईच नाई."

"माणूस तोच आहे, कोकिळाबाई. थोडा चांगला, थोडा वाईट, बराचसा थकलेला."

तिला हे पटत नसे. अर्धा चांगला माणूस ठेवायचा कुठं, हे तिला कळत नसे.

आषाढात एका शनिवारी नाल्याला पूर आला आणि एसटी मेहकरातच अडकली. कोकिळा दुपारपासून सडकेवर. अंधारात परतली आणि छत्री तिनं गुडघ्यावर घेतली. काडी कट्कन मोडली. आवाज ऐकून झुंबरबाई उठून बसली. आता विहीर, असंच तिला वाटलं. पण कोकिळा मोडकी छत्री काखेत मारून नसीमाच्या दारी गेली आणि भिंतीशी बसून राहिली.

पुढच्या शनिवारी तिनं आतून कडी लावली. डॉक्टर बाहेर ओट्यावर बसले. "पूर होता, आलो नाही. तुम्ही रागावल्या असाल." कडी निघाली नाही. भोंगा वाजला तसे ते उठले. "छत्री पुढच्या शनिवारी पाहीन."

गेलेलं माणूस पुन्हा फिरकत नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं; मोडकी छत्री पाहून तर नाहीच. तरी तिनं नसीमाकडून धनुकलीच्या दोरीचा, तांतीचा तुकडा मागून घेतला आणि काडी घट्ट बांधली. छत्री उघडली की एका बाजूला खांदा पाडल्यासारखी दिसे. डॉक्टरांनी ती उघडली, मिटली. "झाली की," एवढंच म्हणाले. त्या दिवशी विचारल्यावर ती म्हणाली, "आज अर्धे चांगले."

मग दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी सांगितलं, "माझी बदली झाली, कोकणात. अजून काही शनिवार येईन. दसऱ्यानंतर येणार नाही."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारला. कोकिळा परसात जाताच ती फुसफुसली, "काऊन सांगतलं हो? गुपचूप चाल्ले गेले असते तं! दिवाळी तोंडावर आली, अन् आता कुठं जरा..."

"गुपचूप गेलेलीच माणसं हिला छळतात, मावशी. त्यांच्यात मला बसवू नका."

ते उरलेले शनिवार घर डोक्यावर भरली घागर घेतल्यासारखं जपून चाललं. कोकिळाचं जेवण तुटलं. एका सांजेला तिनं उलथणं चुलीत धरलं, तापून लाल झालं, आणि ते तसंच चुलीत टाकून ती छत्रीसकट नसीमाकडे पळाली.

शेवटच्या शनिवारी, कोकिळानं लपवू नयेत म्हणून, झुंबरबाई डॉक्टरांच्या चपला आपल्या मांडीखाली घेऊन बसली. शेषरावानं त्यांची थैली खांद्याला अडकवूनच घेतली. कोकिळा छत्री घेऊन आली आणि उभीच राहिली.

"छत्री ठेवून जा," ती म्हणाली.

"नाही. ठेवली तर तुम्ही वाट पाहाल. मी येणार नाही."

"पत्र?"

"पोचल्याचं एक टाकीन. नंतरचं सांगत नाही."

सडकेवर भोंगा वाजला.  कोकिळानं छत्री डॉक्टरांच्या पायाशी फेकली. "घ्या! घ्या तुमची छत्री! मरा तिकडंच! तोंड दावू नका!"  डॉक्टरांनी छत्री उचलली, झुंबरबाईच्या मांडीखालून चपला सोडवल्या. ते पायऱ्या उतरले तसं ती मागून ओरडली, "अन् कोकनात लय पानी असते म्हन्ते! भिजू नका!"

डॉक्टर वळले.  त्यांनी नुसती मान हलवली.

ती सडकेवरच्या लिंबाच्या झाडापर्यंत धावली. एसटी हलली, धुराळा उठला. लिंबाच्या बुडाला हात टेकून ती धापा टाकत थांबली. तिथून वळली ती नसीमाकडे. दिवेलागणीपर्यंत कापूस पिंजत होती, रडत होती, नसीमाला शिव्या देत होती. नसीमा म्हणत होती, "दे, दे. पन हात चालव."

घरी येऊन ती पाटावर बसली. झुंबरबाईनं भाकर वाढली. कोकिळानं ती खाल्ली. आणखी अर्धी मागितली.

दिवाळीला नणंद आली. भाऊबीज झाली, निघायचा दिवस उजाडला. पिशवी ओसरीवर होती. सगळ्यांचे डोळे पिशवीवर. कोकिळाचे पाय जागच्या जागी चुळबुळत होते. ती दोनदा परसात जाऊन आली. झुंबरबाईनं सुनेकडे पाहिलं, नणंदेच्या पोरांकडे पाहिलं. मग उठली, पिशवी उचलली आणि कोकिळाच्या हातात दिली.

"पाह्यते काय वं अशी? तुयी नणंद चालली. लपव ना!"

पोरं खिदळली. नणंद आधी दचकली, मग खोटंखोटं रागावली. कोकिळा पिशवी पोटाशी धरून क्षणभर उभी राहिली. तिच्या ओठांवर हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना. ती आत गेली. सगळ्यांनी कान देऊन ऐकलं, कणगीचं झाकण उघडलं, पडलं.

नणंद हसत शोधायला आत गेली. पिशवीचा पट्टा कोकिळानं कणगीबाहेर लोंबता ठेवला होता.