गिरणीखालचं रबर

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पिठाची गिरणी आहे. ती सुरू झाली की माझ्या मांडणीतली भांडी किणकिणायची, टेबलावरचा चष्मा हळूहळू कडेला सरकायचा. शेवटी वैतागून मी रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज दिला. गिरणीवाल्या अण्णांनी निमूटपणे यंत्राखाली जाड रबर घातलं. घर गप्प झालं आणि दोन दिवस मी लढाई जिंकल्यासारखा वावरलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या नलूताई आल्या. त्यांना ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली.

"गिरणी बंद पडली का हो?"

मी मान हलवून नाही म्हटलं, खिडकीतून खाली दळणाचे डबे घेऊन उभ्या असलेल्यांची रांग दाखवली. त्या दारात चपला काढून माझ्या फरशीवर उभ्या राहिल्या, डोळे मिटून, बराच वेळ.

"रोज पायांना कळायचं, नऊ वाजले म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे आता तेही गेलं माझं."

भिंती सगळ्यांच्या त्याच, पण त्यांतली थरथर ज्याची त्याची. मला जी कटकट वाटत होती, ती वर एका बाईची सकाळ होती.

मी त्यांना हाताला धरून खाली नेलं, रबर दाखवलं. त्यांनी चालू गिरणीच्या पत्र्यावर तळहात टेकवला.

"आहे की!" त्या लहान मुलीसारख्या हसल्या आणि पिठाचा तो हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला.

मला मात्र अर्ज आठवला. त्यावर पहिली सही माझी होती. दुसरी, मी कागद पुढे केला म्हणून न वाचताच केलेली, नलूताईंची.