कुंपणालगतचा तेरडा
तेरड्याची पिकलेली शेंग बोटांत फुटली की म्हैसूरजवळच्या मेटगळ्ळीतल्या आमच्या घरातला तो भाद्रपद आठवतो. आमच्याकडे रानतेरड्याची रोपं मुळांसकट उपटून त्यांचीच गौर मांडतात. म्हैसूरच्या बाजारात तो मिळेना, म्हणून आईसाठी वडिलांनी सरगूरच्या रानातून बी आणून कुंपणालगत पेरलं होतं. त्या वर्षी तेरडा कमरेएवढा वाढला, गुलाबी फुलांनी भरला, आणि गौरींच्या आठवडाभर आधी वडील कामावरच कोसळले, ते गेलेच. गौरींच्या सकाळी आईनं अंगणात जाऊन एका रोपाला हात घातला. आत्या कानडी-मराठीत ओरडत मागून धावत आली. "बेडा, वहिनी, नको. सुतक आहे." आई म्हणाली, "बरं, पुढच्या वर्षी उपटेन." आत्या खाली बघत म्हणाली, "पुढंही नको. ते सवाष्णीचं काम. सून येईल, ती उपटेल." आईनं मूठ सोडली, तशा शेंगा तडतडल्या आणि बी मातीत उडालं. आता तेरडा आपोआप उगवतो. पाणी आईच घालते. गौरींच्या सकाळी माझी बायको दर वर्षी म्हणते, "आई, तुम्हीच उपटा ना." आई खोलीत जाऊन दार आतून लावून घेते.