डबा पोचवायला गेलेला प्रवासी

सव्वीस वर्षं ज्या थांब्यांवर तिनं घंटी मारली, त्यांतल्या एकाही थांब्यावर ती कधी उतरली नव्हती. निवृत्त होऊन दुसरा आठवडा उजाडला तेव्हा हे तिच्या लक्षात आलं आणि तिला घरात बसवेना. बस थांबायची, माणसं उतरायची, एखाद्या गल्लीत शिरून दिसेनाशी व्हायची. तोवर हिनं दोनदा दोरी ओढलेली असायची. गल्लीच्या पुढे काय असतं, हे तिला कधी कळलंच नाही. कंडक्टर म्हणून ती चोख होती. हातातला तिकिटांचा पंच दांडीवर आपटत गर्दीतून वाट काढायची, म्हणून आगारात तिला टिकटिकबाई म्हणत. तिकिटं किती, डोकी किती, याचा मेळ ती नजरेनं घाली.

मग ती एकेका थांब्यावर उतरू लागली. एका गावात तिला हातकागद करणारा भेटला, दुसऱ्या ठिकाणी होड्या दुरुस्त करणाऱ्या दोन बहिणी. वर्षभरात ती दर शनिवारी बरोबर माणसं घेऊन निघायला लागली. आठच माणसं, कारण कागदवाल्याचा आवाज आठांच्या पलीकडे पोचत नसे आणि आवाज चढवून बोलायला तो तयार नव्हता. रोजची बस, रोजचं तिकीट, आपापलं खाणं. जिथे उतरायचं तिथलाच माणूस आपलं काम दाखवणार, आपली गोष्ट सांगणार. आणि एक अट होती: बसमध्ये एकत्र बसायचं नाही. प्रत्येकानं अनोळखी माणसाशेजारी जागा धरायची आणि उतरेपर्यंत त्याच्याशी बोलायचं. आपल्याच माणसांशी बोलायचं असेल तर घर काय वाईट आहे, असं ती निघतानाच ऐकवायची.

तिच्या मुलाला हे सगळं नसतं लचांड वाटे. एक छोटी गाडी ठरव, सगळ्यांना आत बसव, दार लाव, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नाही, असं तो जेवताना सांगत राही. ती भाजी वाढत म्हणे, दारच लावायचं तर मी कशाला हवी, कडी पुरे.

त्या शनिवारी आठांमध्ये एक घड्याळजी होते. सत्तरी ओलांडलेले, दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलेले. त्यांची मुलगी त्यांना स्टँडवर सोडायला आली होती. वडिलांना बाकावर बसवून तिनं टिकटिकबाईला बाजूला घेतलं. विसरभोळे नाहीत, ती म्हणाली, पण आई गेल्यापासून घरात बोलतच नाहीत. विचारलं तर हो किंवा नाही. आठ महिने झाले. फोन दिला तर तोही उशीखाली ठेवून येतात. तुमच्याबद्दल कुणीतरी सांगितलं म्हणून पाठवतेय; नजरेआड तेवढे होऊ देऊ नका. टिकटिकबाईनं तिला शब्द दिला. असे शब्द तिनं पुष्कळांना दिले होते आणि पाळलेही होते.

बस सुटली. घड्याळजी मागून तिसऱ्या बाकावर एका बाईशेजारी बसले. बाईच्या मांडीवर कापडी पिशवी होती. अर्ध्या तासानं टिकटिकबाईनं मागं वळून पाहिलं, तर घड्याळजी बोलत होते. एका हातानं दुसऱ्या हातावर काहीतरी काढून दाखवत होते. तिला बरं वाटलं आणि ती पुढे पाहू लागली.

कागदाच्या गावी बस थांबली. आठ जण उतरले. तिनं सवयीनं डोकी मोजली, आठ भरली, कंडक्टरला हात केला, बस गेली. गल्लीतून कारखान्यापर्यंत दहा मिनिटांची वाट. ती सगळ्यांच्या पुढे चालत होती.

कारखाना म्हणजे एक लांब खोली. मधोमध सिमेंटचा हौद, त्यात चिंध्यांचा पांढुरका लगदा, भिंतीवर वाळत लावलेले ओले कागद. कागदवाला हात ओले असताना बोलत नसे. जाळी हौदात बुडवायची, उचलायची, डावी-उजवीकडे एकदा हलवायची, पाणी गळू द्यायचं. मग हात पुसून तो सांगणार की आता जे हलवलं ना, त्यानं लगद्यातले धागे एकमेकांना धरतात. तासभर हे चाललं. मग तो म्हणाला, आता एकेकानं या. सात जणांनी एकेक कागद उचलला. कुणाचा जाडा, कुणाचा फाटका. आठवी बाई पदर खोचून पुढे आली, तसा कागदवाल्यानं चष्मा वर केला.

"वहिनी? तुम्ही ह्यांच्यात कुठून?"

ती त्याची शेजारीण निघाली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. टिकटिकबाईनं तिच्याकडे पाहिलं, उरलेल्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. घड्याळजी कुठेच नव्हते.

वहिनी जाळी हातात धरूनच सांगू लागली. ती शहरातल्या बहिणीकडे मुक्कामाला गेली होती. सकाळी तिथूनच नवऱ्याचा डबा करून निघाली होती. नवरा शेवटच्या थांब्यावरच्या लाकडाच्या वखारीत करवतीवर असतो. बसमध्ये ते आजोबा भेटले. आम्ही कागद बघायला चाललोय, म्हणाले. ही म्हणाली, चाळीस वर्षं त्या दारावरून जातेय, आत कधी पाऊल टाकलं नाही. वेळच कुठे असतो, डबा असतो ना रोज. तर ते म्हणाले, द्या इकडे, मी पोचवतो, तुम्ही उतरा.

"आणि तुम्ही दिलात?"

"तासभर बोलत होते हो माझ्याशी. माणूस कळतो."

टिकटिकबाईनं वहिनीकडून नंबर घेतला. वखारीत फोन लावून पाहिला. करवतीच्या आवाजात कुणी उचलेना. उरलेल्या सातांना कागदवाल्याच्या हवाली करून ती थांब्यावर आली. पुढची बस पाऊण तासानं होती.

शेडमध्ये ती एकटीच उभी होती. आठ भरले म्हटल्यावर तिनं एकाही चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं. वहिनी तिच्यासमोरून उतरली होती, दहा मिनिटं तिच्या मागे चालली होती, तासभर तिच्या शेजारी उभी होती. सव्वीस वर्षांत किती लाख माणसं तिच्या हाताखालून गेली असतील, आणि त्यांतला एक चेहरा आठवून पाहावा तर नुसते पुढे केलेले हात दिसत होते. ही चूक आजची नव्हती. आज नुसती उघडी पडली होती.

तेवढ्यात फोन वाजला. घड्याळजींची मुलगी होती.

"पोचलात ना, ताई? बाबा काय करताहेत?"

रस्त्यावर दूरपर्यंत काही नव्हतं. "कागद बघताहेत," टिकटिकबाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच आवाजाची किळस आली. इतका सहज आला होता तो.

शेवटच्या थांब्यावर ती उतरली तेव्हा वखारीतली करवत जेवणासाठी बंद झाली होती. फाटकाजवळ एका ओंडक्यावर घड्याळजी बसले होते. समोर वहिनीचा नवरा, केसांत भुसा, डब्यातला शेवटचा घास निपटत होता. घड्याळजी त्याला करवतीच्या दात्यांबद्दल विचारत होते: किती दिवसांनी धार लावता, दाते झिजतात ते एकसारखे की कमीजास्त. तो तोंडातला घास सांभाळत उत्तरं देत होता आणि मधूनच, हे म्हातारे कुठून उगवले, अशा नजरेनं पाहत होता.

बसमध्ये तिनं बोलायला खूप काही ठरवलं होतं. ते सगळं बसमध्येच राहिलं. ती दुसऱ्या ओंडक्यावर बसली.

"तुमचा आकडा तर भरला असेल," घड्याळजी म्हणाले. "म्हटलं, आठ झाले की तुम्ही शोधणार नाही. तुमची गैरसोय नको म्हणून तर त्यांना उतरवलं."

ते चेष्टा करत नव्हते. तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिनं गिळलं. तुमच्या मुलीचा फोन आला होता, तिनं सांगितलं. काय सांगितलंत, त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं.

घड्याळजी रिकाम्या डब्याची झाकणं लावत राहिले. एक झाकण नीट बसेना. ते त्यांनी फिरवून फिरवून बसवलं.

"एकतीस वर्षं दुकानात डबा यायचा," ते म्हणाले. "बारा वाजून दहा मिनिटांनी. मी भिंग डोळ्याला लावलेलं असायचं. वर न पाहता म्हणायचो, ठेव. बायको ठेवून जायची. मी एकतीस वर्षं डबा खाल्ला, बाई. पोचवला एकदाही नाही."

वहिनीचा नवरा उठून हात धुवायला गेला. थोड्या वेळानं करवत पुन्हा सुरू झाली, आणि बोलायची सोय उरली नाही. परतीची बस येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले. कागदाच्या गावी बाकीचे सात जण त्याच बसमध्ये चढले.

संध्याकाळी स्टँडवर मुलगी वाट पाहत उभी होती. वाटेत घड्याळजी म्हणाले होते की तुम्ही काळजी करू नका, कागद कसा करतात ते मी त्या सातांकडून सगळं विचारून घेतलंय. जाळी डावी-उजवीकडे हलवतात ना, मी सांगतो तिला बरोबर. टिकटिकबाईनं मनात हिशेब केला. त्यांनी सांगितलं असतं तर मुलीला पटलं असतं. शब्द पाळल्यासारखा दिसला असता.

मुलीनं वडिलांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि विचारलं, "कसा करतात हो बाबा कागद?"

"त्यांनी कागद पाहिला नाही," टिकटिकबाई म्हणाली. "ते माझ्याकडे नव्हतेच. तुम्ही फोन केलात तेव्हा ते कुठे आहेत हे मला नक्की ठाऊक नव्हतं. मी खोटं बोलले."

मुलीनं आधी वडिलांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू काही मोडलं तर नाही ना. मग तिचा चेहरा घट्ट झाला. मी तुमच्या भरवशावर पाठवलं होतं, एवढंच ती म्हणाली. टिकटिकबाईनं हो म्हटलं. त्यापुढे जे सांगण्यासारखं होतं ते सांगायचा हक्क तिचा नव्हता.

"चला, बाबा."

पण घड्याळजी हलले नाहीत. "तुझी आई बारा-दहाला डबा आणायची," ते मुलीला म्हणाले, "तेव्हा तू कडेवर असायचीस. तुला आठवत नसेल."

मुलगी थबकली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्यात आईचा विषय निघाला होता, आणि तोही घराबाहेर, बसच्या धुरात. तिनं हातातली पिशवी बाकावर ठेवली आणि वडिलांशेजारी बसली. टिकटिकबाईकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. माफ केलंय असं तिच्या पाठीवरून तरी वाटत नव्हतं.

फलाटावर बाकीचे सात जण निरोप घ्यायला थांबले होते. टिकटिकबाई त्यांच्याकडे गेली. एकेकासमोर उभी राहून, घाई न करता, तिनं त्यांचे चेहरे पाहिले, आणि आज तुम्ही कुणाशेजारी बसला होतात ते प्रत्येकाला विचारलं.