लाल हापसा

मुकुंदवाडीत आमच्या दारासमोर हापसा होता आणि त्याचं पाणी गोड होतं. दुष्काळाच्या त्या वर्षांत आसपासच्या सगळ्या वस्त्यांचे हंडे आमच्या दारात यायला एवढं पुरेसं होतं. शहर वाढत होतं. नवी पत्र्याची खोली उभी राहिली की आमच्या रांगेत आणखी एक हंडा लागायचा.

माझे सासरे, आमचे मामा, जन्मभर मेंढरं वळलेले. मेंढीच्या पाठीवर लाल पट्टा ओढला की ती आपली, मग कुणी हात लावायचा नाही, हे त्यांचं गणित. एक दिवस फाटकाचा उरलेला लाल रंग घेऊन त्यांनी अख्खा हापसा रंगवला. सासूबाईंनी डबा धरला. खराब पाण्याचे हापसे सरकारी माणसं असेच लाल करतात, हे गावाकडून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पाटी नाही, अक्षर नाही, तरी दुसऱ्या दिवशी रांग गायब.

"बघितलं का?" मामा मला म्हणाले. "आता हिकडं कुणी फिरकत नाय."

पण ते शहाणपण आमच्याच अंगाशी आलं. टँकरच्या रांगेत आम्ही दिसलो नसतो तर बिंग फुटलं असतं. म्हणून दारात गोड पाणी असताना मी पोराला कडेवर घेऊन उन्हात टँकरची वाट बघायची. मामांचा असा संताप यायचा! पण सुनेनं तोंड उघडायची सोय नव्हती, आणि शेजारणींपाशी तर नव्हतीच. धुण्याच्या बादलीतून आम्ही पिण्यापुरतं चोरून आत न्यायचो. तेही फार दिवस चाललं नाही. एकदा सासूबाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू लागतंय," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ते पाणी फक्त धुण्याभांड्याला.

मग एकदा टँकर आलाच नाही. पोरगं तहानेनं रडायला लागलं. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी हापशावर तांब्या भरून आणला.

सासूबाईंनी माझा हात धरला. "लाल हापशाचं पाजतीस व्हय पोराला?"

"आत्याबाई, रंग आपणच दिलाय ना?"

तरी त्या हात सोडेनात. मी तांब्या मामांपुढं धरला. त्यांनी एकदा हापशाकडं बघितलं, तांब्या ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "हात धुवायला व्हईल."

पोरगं रडतच होतं. मी तांब्या उचलला, आणि माझाही हात त्याच्या तोंडाकडं जाईना.