त्रेपन्न पायऱ्यांची पाळी

जर्मनीतल्या एर्लेनश्टाट गावाच्या जुन्या तटाला पाठ टेकून जी तिरकी लाकडी घरं उभी आहेत, त्यांतलं एक रोझवीटा हेफेले यांचं. तटावर चढायच्या त्रेपन्न दगडी पायऱ्या त्यांच्या दाराशेजारूनच वर जातात. जग येऊन त्या पायऱ्यांचे फोटो काढतं. रोझवीटाबाई त्या झाडतात. एक आठवडा त्या, एक आठवडा शेजारचे गॉटलोब श्लोटरबेक. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या कडीला 'झाडलोट' असं लिहिलेली लाकडी पाटी. शनिवारी झाडून झालं की ती शेजारच्या कडीला जाते. एकेचाळीस वर्षं असं चाललं आहे, आणि एकेचाळीस वर्षं दोघांचं अहो-जाहोही चाललं आहे.

बाईंचा शनिवार कधी चुकला नव्हता. गॉटलोबांचा एकदा चुकला होता, तापाने फणफणले होते तेव्हा. त्याला वीस वर्षं उलटली, तरी बाई विचारायच्या, "बरं आहे ना हो? नाही, शनिवार आहे म्हणून विचारलं."

त्याच बाई या जूनमध्ये शिडीवरून घसरल्या आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. पाटी त्यांच्याच दारावर. शनिवारी सकाळपासून गॉटलोब आपल्या बाकावर पाइप ओढत बसले होते. बाईंकडे बघत नव्हते, पायऱ्यांकडे बघत होते. आज झाडायचं राहिलं, तर पुढची वीस वर्षं कोण कोणाची चौकशी करणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. मदत मागणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी तीन पायऱ्या झाडल्या आणि घामाघूम झाल्या.

तेवढ्यात हॅम्बुर्गची सहल आली. एका उंच गृहस्थाने आदबीने विचारलं, हे काय चाललंय? बाईंनी झाडूकडे पाहिलं, गॉटलोबांकडे पाहिलं, आणि शांतपणे खोटं बोलल्या.

"जुनी रीत आहे. तटावर जायचं तर पाहुण्याने एक पायरी झाडून जायचं."

गृहस्थाने कोट काढला. मागे रांग लागली. एका बाईने तर गुडघ्यांमुळे घरी राहिलेल्या बहिणीच्या नावानेही एक पायरी झाडली. रोझवीटाबाईंचं सुख पाच मिनिटं टिकलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, ही माणसं खालून वर झाडत होती. वरच्याचा कचरा खालच्या झाडलेल्या पायरीवर पडत होता, आणि स्वतःच काढलेल्या रितीला नावं तरी कशी ठेवायची?

गॉटलोबांचा पाइप विझला. ते उठले, टोपी हातात घेऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.

"तुम्ही कुठे निघालात?" बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तट बघायला. आजवर झाडायलाच गेलोय, बघायचा राहिलाच."

ते पार वर गेले आणि तिथून त्रेपन्नही पायऱ्या, कोपरा न् कोपरा, झाडत खाली आले. हॅम्बुर्गकरांना वाटलं, हा रितीचाच शेवट. त्यांनी टाळ्या वाजवल्या. गॉटलोबांनी झाडू बाईंच्या डाव्या हातात दिला.

"पाहुण्यांनी झाडलं, तरी पाळी घरच्याच्याच नावावर लागते," ते म्हणाले.

बाई तळापासून माथ्यापर्यंत गेल्या, बोट फिरवत. नावं ठेवायला जागा सापडेना. खाली येऊन त्यांनी पाटी काढली, गॉटलोबांच्या कडीला अडकवली आणि तिकडे तोंड करूनच म्हणाल्या, "उद्या चारला कॉफीला या. पाय पुसून."