डीएक्स सांगून दिलेला एसएक्स

सांगलीच्या त्या दुकानदारानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं, ते मी कॉम्प्युटरचा डबा त्याच्या काउंटरवर आदळला तेव्हा. त्याआधी एक अख्खी दुपार मी त्याच्या दुकानात बसले होते. पण मशीन माझ्यासाठी घ्यायचं असूनही तो सगळं बोलला माझ्या भावाशी.

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका छापखान्यात डीटीपीचं काम करायची. रहिमतपूरहून एसटीनं जायचं आणि दिवसभर लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल पडद्यावर जुळवत बसायचं. मशीन मालकाचं, कमाई मालकाची, चूक निघाली तर ती तेवढी माझी. दादा सैन्यात होता. सुट्टीवर आला आणि माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "तायडे, माज्या साठलेल्या पगारातनं तुला मशीनच घिऊया. घरात बसून कर की काम."

त्याच्या साहेबाकडं त्यानं मांडीवर घ्यायचा लॅपटॉप बघितला होता. त्याला तोच हवा होता. दुकानात किंमत ऐकल्यावर मात्र आम्ही दोघंही हातातल्या चहाच्या कपात बघत बसलो.

मग टेबलावरचाच घ्यायचा ठरला. मी मनाशी सगळं पक्कं करून गेले होते. पेन्टियम नवंनवं आलं होतं, पण आमच्या पैशात ते घेतलं तर मेमरी जेमतेम मिळणार आणि पडदा काळापांढरा. ट्रकचं इंजिन आणून लुनाला बसवल्यासारखं झालं असतं ते. त्यापेक्षा एक पायरी खालचा फोर-एट्टी-सिक्स घ्यायचा आणि वाचलेल्या पैशात मेमरी वाढवायची. फक्त तो डीएक्स हवा, एसएक्स नको. बाहेरून दोन्ही मशीनं सारखीच दिसतात, पण डीएक्सच्या प्रोसेसरमध्ये अवघड आकडेमोड करणारा एक जादा भाग असतो, स्वस्तातल्या एसएक्समध्ये तो नसतो. छापखान्यात दोन्ही होती. एसएक्सवर पत्रिकेचा गणपती उमटेपर्यंत आम्ही चहा पिऊन यायचो.

"साहेब, पेन्टियमच घ्या," दुकानदार दादाला म्हणाला. "आता जमाना त्याचाच."

"मला डीएक्स हवाय," मी म्हटलं.

"ताईंना कुणीतरी जुनंपानं सांगितलंय, साहेब."

आणि दादा माझ्याकडं वळून म्हणाला, "आगं, त्यो एवढं म्हणतोय तर आसंल की चांगलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज मशीनपुढं मी बसते, आणि काय चांगलं ते ठरवणार हे दोघं! मी दादाला तिथंच सांगितलं, डीएक्स घेणार असशील तर घे, नाहीतर चल उठ. तेव्हा कुठं तो "बरं बाई" म्हणाला.

पावतीसाठी दुकानदारानं आडनाव विचारलं. दादानं सांगितलं. आमचं घर बौद्ध, आमच्या भागात आडनावावरून ते लगेच कळतं. त्याचं पेन थांबलं.

"मग आधी नाही का सांगायचं? लोनची केस असेल ना? सबसिडीत काय, कुठलंही चालतं."

"रोख देतोय," दादा म्हणाला. शांतपणे. बॉर्डरवर बंदूक घेऊन उभा राहणारा माझा भाऊ सांगलीच्या दुकानात मान खाली घालून नोटा काढत होता. मी दात आवळून एवढंच म्हटलं, "पावतीवर डीएक्स लिहा." त्यानं लिहिलं.

मशीन जोडून घरी पोचेपर्यंत दादाची सुट्टी संपली होती. मी सुरू केलं, एक पत्रिका उघडली, आणि बघतच राहिले. वेलबुट्टीची एकेक पाकळी पडद्यावर रांगत रांगत येत होती. छापखान्यातला तोच जुना एसएक्स जणू माझ्या घरी येऊन बसला होता. मशीन सुरू होताना त्याच्या अंगात काय काय आहे ते पडद्यावर क्षणभर दिसून जातं. मी ते बंद करून पुन्हा लावलं आणि नेमक्या वेळी पॉजचं बटण दाबलं. को-प्रोसेसर, म्हणजे तो आकडेमोडीचा भाग, त्याच्यापुढं लिहिलं होतं: नन. म्हणजे नाहीच.

दुकानात दाखवलं एक आणि डब्यात घातलं दुसरं.

आई म्हणाली, "दादाला यिऊ दे की माघारी. बाईमाणसानं कुटं भांडत बसायचं दुकानात?" दादा येणार दिवाळीला. तोवर काय मी वेलबुट्टी मोजत बसू? डबा वाकळंत गुंडाळला, मिरजेकडं जाणारी पॅसेंजर धरली, आणि सांगलीपर्यंत तो मांडीवर घेऊन बसले. मांड्या बधिर झाल्या, राग काही बधिर झाला नाही.

"भावाला पाठवा ताई, त्यांच्याशी बोलतो," दुकानदार म्हणाला.

"मशीन माझं आहे. माझ्याशी बोला."

"तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असेल."

मी त्याच्याच काउंटरवरच्या पडद्याची आणि कीबोर्डची वायर काढून माझ्या डब्याला लावली. शेजारी एक कॉलेजातले सर प्रिंटर बघत होते. मशीन सुरू केलं, पॉज दाबला आणि सरांना म्हटलं, "ही ओळ जरा मोठ्यानं वाचा." त्यांनी वाचली. मग मी पावती दाखवली. तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाईकं आत आली, त्यांनाही तीच ओळ वाचायला लावली.

"पोरांकडून अदलाबदल झाली असेल," दुकानदार पुटपुटला. "ठेवून जा, बदलून ठेवतो."

"आत्ता बदला. माझ्यासमोर."

"विश्वास नाही का?"

"नाही."

आतल्या माणसानं माझ्यादेखत प्रोसेसर बदलला. मशीन पुन्हा लावून बघितलं. पडद्यावर आता डीएक्स होता आणि नन जाऊन इन्स्टॉल्ड आलं होतं. मी वाकळ बांधत असताना दुकानदार सरांना हळूच म्हणाला, "या लोकांना कितीही द्या, तक्रार असतेच."

मी गाठ अर्धवट सोडली. "कोण लोक?"

"अहो, गिऱ्हाईक म्हणायचं होतं मला."

"मग तसं म्हणा. मोठ्यानं म्हणा."

त्यानं पावतीपुस्तक पुढं ओढलं. मी सरांकडं बघितलं, तर ते बाहेर रस्त्यावरच्या रिक्षा न्याहाळत होते. मगाशी ओळ वाचताना केवढा खणखणीत आवाज होता त्यांचा!

मशीन झकास चाललं. दोन महिन्यांत मी एक जुना प्रिंटर घेतला, छापखाना सोडला आणि रहिमतपूर, कोरेगावची कामं घरीच घ्यायला लागले. दिवाळीला दादा आला, सांगलीला एका दोस्ताकडं जाऊन माझ्यासाठी प्रिंटरची रिबन घेऊन आला. रिबन कुठून घेतली विचारलं, तर त्याच दुकानातून.

"त्यो म्हणत हुता, भैनीला जरा समजावा. लय तमाशा केला म्हणं तू."

"तू काय म्हणालास त्याला?"

"काय म्हणनार? सॉरी म्हटलं. कशाला वाढवायचं?"

हातातली भाकरी मी ताटात टाकली. ज्यानं आपल्या आडनावावर पेन थांबवलं, त्याला तू सॉरी म्हणालास? मी ओरडले, आई मध्ये पडली, दादा उठून अंगणात गेला. जाताना म्हणाला, "आमाला तितं नोकरीत रोज आसलं गिळावं लागतंय गं. तुला न्हाई कळायचं."

कळत होतं. म्हणूनच जास्त चिडले होते. ती रिबन मी प्रिंटरला लावलीच नाही. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले, आणि दुसरी विकत घेऊन आले.