रेषेबाहेरचा दगड

माझ्या व्याह्यानं मला फसवलं. निमगाव सावाच्या शिवारातला माझा विहिरीवरचा मळा त्यानं रेल्वेची भीती घालून घेतला.

मी बैलांचा व्यापारी. बापानं मागं काही ठेवलं नव्हतं. बाजारोबाजार पायी जनावरं हाकून मी तो मळा उभा केला. दात बघितल्याशिवाय, चालवून बघितल्याशिवाय मी कधी बैल घेतला नाही. दगडावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवला.

पुण्याहून नाशिकला रेल्वे होणार, हे आम्ही किती वर्षं ऐकतोय. आज मार्ग आमच्या बाजूनं, उद्या भलतीकडून. मग मोजणीवाले आले आणि शिवारात पिवळे दगड रोवून गेले. मी तेव्हा बाजाराला होतो. परत आलो तर माझ्याही विहिरीजवळ एक दगड. दोन दिवसांत व्याह्याचा फोन आला. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आळेफाट्याच्या हॉटेलात बसलो. "पावणं, जमीन तर जाणारच," तो म्हणाला. "कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायचं तुमचं वय हाय का? मला द्या, मी बघतो काय करायचं त्ये."

तोही बैलांच्या बाजारातलाच. खांद्यावरचा टॉवेल त्यानं दोघांच्या हातांवर टाकला, खाली बोटं दाबली, भाव ठरला. आमच्यात टॉवेल पडायच्या आधी जनावराची खोड उघड सांगायची असते. लाथ मारतो का, औताला बसतो का. टॉवेल पडल्यावर तक्रार नाही. त्या दिवशी त्यानं कुठलीच खोड सांगितली नाही.

खरेदीखत झालं. पुढच्या हंगामात बघतो तर मळ्यात द्राक्षाच्या बागेसाठी लोखंडी अँगल उभे राहत होते. जिथून रेल्वे जाणार तिथं द्राक्षं कोण लावतो? मी बांधाबांधानं चालत सुटलो. बाकीचे सगळे दगड ओढ्यापलीकडे एका रेषेत. माझाच तेवढा अलीकडे, एकटा. रेल्वे काय माझ्या विहिरीवर पाणी प्यायला वळणार होती?

बांधावरच त्याला गाठलं. "टॉवेल टाकायच्या आधी का नाही सांगितलंस?"

"खोड इकणारानं सांगायची असती, पावणं," तो हसला. "घेणारानं न्हाई."

तिथंच गचांडी धरली असती, पण माझी मुलगी त्याच्या घरात आहे. तिनं फोनवर सांगितलं, "अण्णा, बाजारात भांडता तसं हितं नका भांडू. मला नांदायचंय हितं." म्हणून हात आवरला.

पण खोड माझ्या जमिनीत नव्हती. दगडात होती, आणि दगड माझा नव्हता. तो अजून तिथंच आहे, द्राक्षाच्या ओळीत. मोजणीवाल्यांनी रोवला असेल तर त्यांनी सांगावं, रेल्वे तिथून कशी जाणार होती. नसेल रोवला, तर व्याह्यानं त्या दगडापाशी यावं आणि चार माणसांसमोर, हातावर टॉवेल न टाकता, सांगावं: हा दगड कुणी रोवला?